शेवटची पाव फेरी

मित्रांनो, भट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे लोहाराची किंवा बेकरीतली भट्टी येईल. मी तसली नाही. मी घर ऊबदार ठेवणारी गॅसची भट्टी आहे, आणि माझे सारे आयुष्य एका तळघरात गेले आहे. माझ्या अंगाचा हिरवा रंग आता जागोजागी उडाला आहे. माझ्या बरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या. मी मात्र अजून अमेरिकेतल्या डलूथ गावातल्या या चढावरच्या घरात उभी आहे. खिडकीतून मला फक्त साचलेला बर्फ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात.

माझी रचना सोपी आहे. भिंतीतून आलेल्या लोखंडी नळीतून गॅस माझ्या पोटात येतो. तिथे एक बारकी निळी ज्योत चोवीस तास तेवत असते. वरच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक गोल डबी आहे. खोली गार झाली की ती डबी ‘टक्’ करते, माझ्या पोटात जाळ पेटतो, आणि माझा पंखा गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो. याच नळ्यांतून वरची बोलणी खाली येतात. त्यामुळे या घरात काय काय झाले ते मला बसल्या जागी कळत आले आहे.

मला इथे आणले तेव्हा लेम्पी केरानेन नवी नवरी होती. तिचा नवरा आर्ने बंदरावर लोहखनिजाच्या बोटी भरायचा. घर त्यांच्याहून जुने, त्यात कोळशाची भलीमोठी भट्टी होती. आर्नेने आणि त्याच्या चार दोस्तांनी ती फोडून बाहेर काढली आणि मला अरुंद जिन्यावरून शिव्या घालत खाली आणले. पहिला जाळ पेटला तेव्हा लेम्पी माझ्या पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली.

“कोळसा नाही, राख नाही,” ती म्हणाली. “आर्ने, माझे पडदे पांढरेच राहणार!”

“आणि मी सकाळी सहापर्यंत झोपणार,” आर्ने म्हणाला.

पुढची कितीतरी वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे आले की त्यांना खाली आणून मला दाखवत. मुलाचे ओले हातमोजे माझ्या नळ्यांवर वाळत. मग हळूहळू मी सवयीची झाले. मुलगा मोठा होऊन दूर उन्हाच्या मुलखात, ॲरिझोनाला गेला. माझ्याभोवती खोकी, मोडक्या खुर्च्या, आर्नेच्या मासेमारीच्या काठ्या साठत गेल्या. आर्ने वारला त्या हिवाळ्यात लेम्पी एकदाही तळघरात उतरली नाही.

उतरायचा तो एकच माणूस, भट्ट्या दुरुस्त करणारा अल्विन सुंडेट. थंडी सुरू होण्याआधी, दर ऑक्टोबरात तो यायचा. खोकी बाजूला सारायचा, गुडघे टेकून माझे दार काढायचा, आतली काजळी झाडायचा, पंख्याला तेल द्यायचा. काम झाले की दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहून खाली ‘सुंडेट’ अशी सही करायचा. तशा तेहतीस तारखा माझ्या दारावर होत्या. मग तो वर जाऊन लेम्पीबाईंच्या हातची कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव खायचा. त्या पावाला इथे पुल्ला म्हणतात. लेम्पीबाईंचा पुल्ला गावात नावाजलेला होता. तीस वर्षे त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर काय शिजते आहे आणि त्यात काय कमी पडले आहे हे त्या सांगायच्या.

मित्रांनो, आता मी सांगते ती गोष्ट तेहतिसाव्या तारखेपासून सुरू होते.

त्या ऑक्टोबरात माझा गॅसचा व्हॉल्व्ह फार जुना झाला होता. अल्विनने तो बदलायचे ठरवले. त्यासाठी त्याला माझ्या नळीवरचा युनियन सोडवावा लागला. युनियन म्हणजे दोन नळ्यांची तोंडे एकमेकांवर घट्ट दाबून धरणारा मोठा नट. नवा व्हॉल्व्ह बसला, अल्विनने युनियन परत लावला आणि पाना ओढायला सुरुवात केली. मला त्याचे हात तेहतीस वर्षांचे ओळखीचे. त्याचे शेवटचे ओढणे असे असायचे की माझा सगळा पत्रा शहारायचा. त्या दिवशी तसे झाले नाही. तो मध्येच थांबला. उजवे मनगट डाव्या हाताने धरून थोडा वेळ तसाच बसला. पुन्हा ओढू लागला, पण पाना हलला नाही.

मग त्याने बाटलीतले साबणाचे पाणी ब्रशने जोडावर लावले. गॅस गळत असला की तिथे फुगे धरतात. एकही फुगा आला नाही. अल्विन बराच वेळ बघत राहिला, आणि मग दारावर तारीख लिहून वर गेला.

नटाची शेवटची पाव फेरी राहिली होती. ते त्याला कळले होते आणि मलाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. मी पेटत होते, विझत होते. लोखंड तापले की फुगते, निवले की आकसते. जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीसवर गेला आणि माझा जाळ दिवसभर विझेचना. अशाच एका दिवशी त्या जोडातून गॅसची अगदी बारीक धार सुटल्याचे मला जाणवले. केसाएवढी असेल.

हा गॅस हवेपेक्षा हलका असतो. तो खाली माझ्या ज्योतीकडे न येता छताकडे चढत होता, आणि तिथून फटीफटींतून वर स्वयंपाकघरात जात होता. त्याला मूळचा वास नसतो. माणसांना कळावे म्हणून त्यात सडक्या अंड्यांसारखा वास मुद्दाम मिसळतात. मला वाटले, लेम्पीबाईंच्या नाकाला हे तासाभरात कळेल.

तास गेला, दिवस गेला. वर लेम्पीबाई रेडिओ ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ मळले. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला तर त्याला म्हणाल्या, “सगळं ठीक आहे रे. थंडी आहे म्हणून चर्चचं कॉफीपान रद्द झालंय, बाकी काय!” घरात कोणी येत नव्हते. इतक्या थंडीत कोण येणार? मी खाली उभी होते. डोक्यावर गॅस साठत होता आणि माझ्याच पोटात ती निळी ज्योत तेवत होती. मला ती फुंकर मारून विझवता येत नव्हती. मित्रांनो, अशी असहाय मी कधीच झाले नव्हते.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला ट्रूडी आली. ट्रूडी म्हणजे आमच्या रस्त्यावरची पोस्टमनबाई, चाळिशीची, मोठ्या आवाजाची. आमच्या दाराला पत्रे टाकायची फट आहे, तिच्यावर पितळी झाकण. ट्रूडीने झाकण उचलले आणि आतली ऊबदार हवा तिच्या तोंडावर आली.

“लेम्पीबाई! दार उघडा!”

“पत्रं टाक आणि जा गं बाई,” लेम्पीबाई आतून ओरडल्या. “वारा आत येतोय.”

“गॅसचा वास येतोय. भपकाच येतोय!”

लेम्पीबाई दारापाशी आल्याचे मला पावलांवरून कळले. मग म्हणाल्या, “तो होय? खारा मासा भिजत घातलाय मी.”

“मासा? अहो, अंडी सडल्यासारखा वास आहे हा!”

“मग अंडी असतील.”

“लेम्पीबाई, दार उघडा म्हणते ना.”

दार उघडले. ट्रूडी एक पाऊल आत आली आणि खोकलीच. “कोट घाला. लगेच बाहेर चला.”

“वेड लागलंय का तुला? उणे वीस आहे बाहेर. थांब, कॉफीचं बटण बंद करून येते.”

“कशालाही हात लावू नका! दिवा नको, बटण नको, फोन नको. या अशाच. हा घ्या माझा कोट.”

दार सताड उघडे होते. बैठकीच्या खोलीत गार वारा शिरला होता. आणि भिंतीवरच्या त्या गोल डबीने तिचे काम केले. टक्.

मला नाही म्हणता येत नाही. डबी सांगते तेव्हा मला पेटावेच लागते. माझ्या पोटात जाळ भडकला, आणि तो भडकताना मी काय भोगले ते मी कोणाला सांगू शकत नाही. छताला साठलेला गॅस अजून पुरेसा झाला नव्हता, शिवाय उघड्या दारातून तो बाहेर ओढला जात होता, एवढेच आमचे नशीब. जाळ नुसताच जळत राहिला. बर्फावरून दोघींचे बूट करकरत शेजारच्या घराकडे गेले.

गॅस कंपनीचा माणूस वीस मिनिटांत आला. मिशाळ, कमी बोलणारा. बाहेरच्या मीटरपाशी त्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, आणि हवा पुरती मोकळी झाल्यावर हातातले यंत्र नळीवरून फिरवत माझ्यापाशी आला. युनियनपाशी ते यंत्र चिवचिवू लागले.

“हा नट सैल आहे,” तो जिन्यात उभ्या असलेल्या लेम्पीबाईंना म्हणाला. “कोणी केलं होतं हे काम?”

लेम्पीबाई खाली उतरल्या. कितीतरी वर्षांनी त्या माझ्या इतक्या जवळ आल्या होत्या. माझे दार अर्धवट उघडे होते. त्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि तेहतीस सह्यांसकट ते हळूच लागले.

“आता काय आठवतं?” त्या म्हणाल्या. “माझं वय बघा की.”

त्याने माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधली. दुरुस्ती करून घ्या, मग फोन करा, मी तपासून गॅस सोडीन, असे सांगून तो गेला. जाताना त्याने माझी बारकी ज्योतही गेलेली आहे ना, याची खात्री केली. बावन्न वर्षांत मी पहिल्यांदा पूर्ण गार झाले. घर भराभर निवू लागले. नळ गोठून फुटू नयेत म्हणून लेम्पीबाईंनी सगळ्या तोट्या थोड्या थोड्या चालू ठेवल्या आणि अल्विनला फोन केला.

तो दुपारी आला. नेहमी तो जिना उतरताना शीळ घालायचा. त्या दिवशी घातली नाही. त्याने खोकी सारली, माझ्यासमोर स्टूल ओढले आणि नुसताच बसून राहिला. पाना त्याच्या मांडीवर होता.

लेम्पीबाई कोट, टोपी, दोन शाली अशा थाटात कॉफीचा मग घेऊन खाली आल्या.

“काय अल्विन, किती वेळ तिच्याकडे नुसतं बघणार? ती काही लाजून पेटायची नाही.”

अल्विन हसला नाही. “लेम्पीबाई, हा जोड माझाच आहे.”

“ते मला माहीत आहे.”

“नाही, नीट ऐका. ऑक्टोबरात शेवटची पाव फेरी बसलीच नाही. हे मनगट गेलंय. गेल्या उन्हाळ्यापासून पाना धरला की आत सुरी फिरते. फुगा आला नाही, म्हणून मी मनाची समजूत घातली. चालेल म्हटलं.” तो थांबला. “चालेल! तेहतीस वर्षांत मी हा शब्द कुणाच्या भट्टीपुढे उच्चारला नव्हता.”

लेम्पीबाईंनी कॉफीचा मग खोक्यावर ठेवला.

“रागवा ना,” अल्विन म्हणाला. “तुमचं घर उडालं असतं.”

“रागावते, जरा दम धरा.” त्या एका मोडक्या खुर्चीवर बसल्या.

“मला एक कळत नाही,” अल्विन म्हणाला. “चार दिवस तरी गळत असणार हे. तुम्हाला वास कसा आला नाही? तुम्हाला तर जिन्यात उभं राहून कळायचं मी दुपारी काय खाऊन आलोय ते.”

लेम्पीबाईंनी शाल घट्ट लपेटून घेतली.

“मला वास येत नाही, अल्विन.”

“म्हणजे सर्दी?”

“सर्दी नाही. दोन वर्षांपूर्वी ताप आला होता ना मोठा, तेव्हापासून काहीच नाही. कॉफी नाही, पुल्ला नाही, धूर नाही. आर्नेचा एक स्वेटर ठेवला होता मी कपाटात, वासासाठी. आता तोही नुसता स्वेटर आहे.”

“कुणाला सांगितलंत?”

“कुणाला सांगू? चर्चमधल्या बायका दर रविवारी माझ्या पुल्ल्याचा वास घेऊन डोळे मिटतात. त्यांना सांगू, की मी आता चमच्यानं मोजून वेलदोडा घालते? मुलाला सांगितलं तर तो उद्याच्या विमानानं येईल आणि मला त्या वाळवंटात घेऊन जाईल. घर विकायला काढेल.”

अल्विन मान हलवत होता. मग एकदम त्याने मगाकडे पाहिले. “तरीच.”

“तरीच काय?”

“कॉफी. दोन वर्षं करपलेली पितोय मी तुमच्याकडे.”

“करपलेली? आणि बोलला नाहीत?”

“वाईट वाटलं असतं तुम्हाला.”

“दोन वर्षं करपलेली कॉफी पिणारा माणूस!” लेम्पीबाई म्हणाल्या, आणि दोघेही हसायला लागले. तोंडातून वाफा निघत होत्या, इतके तळघर गारठले होते, आणि ती दोन म्हातारी माणसे माझ्यासमोर डोळे पुसत हसत होती.

मग लेम्पीबाई उठल्या. त्यांनी शाली काढून खुर्चीवर टाकल्या आणि हात पुढे केला. “आणा तो पाना.”

“अहो, हे तुमचं काम नाही.”

“तीस वर्षं रोज चारशे पोरांच्या पावाचं पीठ मळलंय मी. माझं नाक गेलंय, मनगट नाही. तुम्ही नुसतं सांगा, काय करायचं.”

अल्विनने त्यांच्याकडे पाहिले, मग पाना दिला.

मित्रांनो, दुरुस्ती कशी करावी ते मी त्या दिवशी पाहिले. अल्विनने घाई केली नाही. गॅस बंद आहे हे स्वतः बाहेर जाऊन पाहून आला. युनियन पूर्ण सोडवायला लावला, नळीची दोन्ही तोंडे कापडाने पुसली, बॅटरी धरून त्यावर कुठे चरा पडला आहे का ते बघितले. नळीच्या मागच्या बाजूचे आटेही त्याने बोटाने चाचपले, तिथला जुना लेप वाळून भुगा झाला होता. “आता उघडलंच आहे तर हेही करू,” म्हणून तो खरवडला आणि नवा लेप लावला. मग दोन पाने लागले. एक अल्विनने नळीला लावून त्यावर अंगाचा भार टाकला, म्हणजे नळी फिरू नये. दुसरा लेम्पीबाईंच्या हातात.

“ओढा. सावकाश.”

“ओढतेय.”

“अजून.”

“बसला की.”

“नाही बसला. मीही तेच म्हणालो होतो. अजून ओढा.”

लेम्पीबाईंनी पाय रोवला आणि ओढले. माझा सगळा पत्रा शहारला.

“बास!” अल्विन ओरडला. “बास, बास. आता जास्त आवळाल तर नळी चिराल.”

संध्याकाळी मिशाळ माणूस परत आला. त्याने गॅस सोडला, यंत्र फिरवले. यंत्र गप्प राहिले. अल्विनने शिवाय साबणाचे पाणी लावले, प्रत्येक जोडाला, ज्याला हात लावला होता त्यालाही आणि नव्हता त्यालाही, आणि तिघेही वाकून बघत राहिले. एकही फुगा नाही. लाल चिठ्ठी निघाली. अल्विनने काडी ओढून माझी ज्योत लावली. वर डबीने टक् केले आणि मी पेटले.

मिशाळ माणूस निघताना अल्विनने त्याला थांबवले. “तुम्ही दुपारी विचारलं होतं म्हणे, हे काम कोणाचं. माझं. सुंडेट नाव आहे. कागदावर लिहा.”

त्याने लिहून घेतले. जाताना अल्विनच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण त्या रात्री जेवण झाल्यावर अल्विनने खिशातून वही काढली असावी, कारण वरून पाने उलटल्याचा आवाज आला.

“सत्तावीस घरं,” तो म्हणाला. “या हंगामात याच मनगटानं सत्तावीस घरी पाना ओढलाय मी.”

“मग उद्या सकाळी सातला गाडी दारात आणा,” लेम्पीबाई म्हणाल्या.

“लोकांना सांगायचं काय? मोफत तपासणी?”

“खरं सांगायचं.”

“लेम्पीबाई, माझं नाव जाईल.”

“आणि माझं काय जाणार आहे? पहिल्याच दारात कोणीतरी विचारणार, ही बाई पाना घेऊन का आलीय? मग मलाही सांगावं लागेल. संध्याकाळपर्यंत चर्चभर होईल.”

ते नऊ दिवस फिरले. रोज संध्याकाळी परत आले की बोलणी माझ्यापर्यंत यायची. बहुतेकांनी त्यांना आत घेतले, कॉफी दिली. एका माणसाने अल्विनला दारातच नको नको ते ऐकवले आणि दार आपटले. ते गाडीपर्यंत पोचले तोच त्याची बायको चपलांनिशी बर्फात धावत आली आणि म्हणाली, “त्यांचं राहू द्या, तुम्ही बघून जा.” त्या घरात काही निघाले नाही. दोन घरांत मात्र फुगे धरले. त्यातल्या एका घरी वरच्या मजल्यावर सहा आठवड्यांचे बाळ होते.

मुलालाही लेम्पीबाईंनी स्वतःच सांगितले. तो चिडला, मग रडला, मग त्याने गॅस गळला की किंचाळणारे यंत्र पाठवले. ते आता जिन्याच्या माथ्यावर लावले आहे. विमानाने आला नाही. चर्चमधल्या बायका पुल्ल्याचा वास घेऊन अजूनही डोळे मिटतात, फक्त आता मिटल्यावर लेम्पीबाईंना वासाचे वर्णन करून सांगतात.

सत्ताविसावे घर झाले त्या दिवशी ट्रूडी पत्रे टाकायला आली आणि आत येऊन बसली. तिला लेम्पीबाईंनी जे सांगितले ते मी ऐकले, तसेच तुम्हाला सांगते.

“यादी संपली. गाडीत बसलो. मी म्हटलं, अल्विन, तुमच्या घरचं काय? तर म्हणाले, माझ्या घरी कशाला, मी तर तिथंच राहतो, काही असतं तर मला वास आला नसता का? माझं नाक शाबूत आहे. म्हटलं, तुमची भट्टी या हंगामात कोणी उघडली? म्हणाले, मीच. मग गाडी वळवा म्हटलं.”

“आणि?” ट्रूडीने विचारले.

“दार उघडून आत गेलो. मला काय कळणार? ते म्हणाले, बघा, काही नाही. मी खाली जाऊन ब्रश फिरवला. ट्रूडी, चार फुगे. एकेक एवढा.”

“अगं बाई! आणि यांना वास नाही आला?”

यावर अल्विनचा आवाज आला. तो तिथेच टेबलाशी होता. “महिनाभर त्याच हवेत राहत होतो मी. थोडं थोडं वाढत गेलं की नाक सरावतं. तेहतीस वर्षं लोकांना हेच सांगत आलोय.”

मित्रांनो, हल्ली ऑक्टोबरात माझ्याकडे र्‍होंडा नावाची दणकट बाई येते. अल्विनने आपली हत्यारे तिला दिली आणि तो धंद्यातून बाजूला झाला. ती माझे काम करत असते तेव्हा तो स्टुलावर बसून “अजून ओढ, अजून” म्हणत असतो आणि तिचा राग ओढवून घेत असतो. मी म्हातारी झाले आहे. माझा पत्रा आणखी किती हिवाळे टिकेल ते र्‍होंडा दरवर्षी नव्याने तपासते, आणि ज्या वर्षी ती नाही म्हणेल त्या वर्षी मी मुकाट्याने जिना चढून जाईन.

तोवर तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी भट्टी नसेल, शेगडी असेल, तिची नळी ओट्यामागे दिसेनाशी झाली असेल. ती वर्षातून एकदा कोणाला तरी दाखवा. पण ते नंतर. आज एवढेच करा. कोणी पाहुणा दारात आला आणि आत पाऊल टाकताना त्याने नाक मुरडले, तर त्याला हसून घरात घेऊ नका आणि मासा भिजत घातलाय असेही सांगू नका. त्याला तिथेच उभे करा आणि विचारा, कसला वास येतोय? आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही.